खड्ड्याला पाणी पाजणारे चाचा

रेडिओतली खरखर नुसती ऐकून ती कोणत्या गल्लीतून आली, कुणाच्या घरची आहे आणि त्या घरमालकाचा स्वभाव कसा आहे, हे सांगू शकणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच होता, आणि तो आमच्याच गल्लीच्या तोंडाशी दुकान मांडून बसला होता. आम्ही सगळे त्यांना रेडिओवाले चाचा म्हणायचो. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं म्हणतात. पण त्या पाटीवरून चाचांनी एरियलच्या इतक्या तारा ओढल्या होत्या की मला ते कधी धड वाचता आलं नाही. ही गोष्ट साठ सालाच्या थोडी अलीकडची. धंद्यांचे परवाने देणाऱ्या एका कचेरीत मी नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो. गल्लीत रेडिओ असलेली घरं आठ होती, आणि त्या आठही घरांचे रेडिओ चाचांना पोटच्या लेकरांसारखे होते. कुणाच्या रेडिओला कधी काय झालं होतं, हे त्यांना पाठ होतं.

चाचा रेडिओवर गाणी ऐकत नसत. दुरुस्तीला आलेल्या रेडिओवर चांगलं गाणं लागलं की ते काटा सरकवत आणि दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवत. मग डोळे मिटून, मान तिरपी करून ते तो खर्र आवाज ऐकत बसत. समोर बसलेलं गिऱ्हाईक ताटकळून जाई. एकदा मी न राहवून म्हणालो, "चाचा, गाणं चांगलं होतं हो." त्यावर ते डोळे न उघडता म्हणाले, "गानं तर कोनीबी ऐकते बाबूसाहेब. दोन गान्याच्या मधात काय हाय, ते ऐकाले पाह्यजे." खरखरीच्या त्यांनी जाती पाडल्या होत्या. भजी तळल्यासारखी येते ती सैल जोडाची, भुंगा घोंघावल्यासारखी येते ती थरथरणाऱ्या पट्टीची, आणि टक्‌ करून एकदाच येते ती कुणीतरी रागाने बटण दाबल्याची. शेवटच्या जातीवरून ते शेजारच्या नवरा-बायकोंची भांडणंही ओळखत, पण ती विद्या ते फक्त चाचींजवळ उघड करत.

खरखरीचा माग काढायला त्यांच्याकडे एक यंत्र होतं. पिठाच्या जुन्या चाळणीचं कडं घेऊन त्यावर त्यांनी तार गुंडाळली होती आणि ती बॅटरीवरच्या एका लहानशा रेडिओला जोडली होती. रेडिओ झोळीत, चाळणी हातात. ती चाळणी इकडेतिकडे फिरवत चाचा रस्त्याने निघाले की नवखी माणसं बाजूला होत. असेच एका सकाळी ते आमच्या गल्लीतल्या होमिओपॅथी डॉक्टरांच्या दारात जाऊन उभे राहिले. आत पेशंट बसलेले. चाचा दारातूनच मोठ्याने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमचं न्हानीघर बोलून राह्यलं." डॉक्टर लाजेने लाल झाले. पाहिलं तर न्हाणीघरातला दिवा होल्डरमध्ये सैल बसला होता आणि त्याच्या ठिणगीने चार घरांच्या बातम्या बिघडत होत्या. चाचांनी स्टुलावर चढून दिवा दाबून घट्ट बसवला आणि काही न घेता निघून आले. डॉक्टरांनी मात्र पुढे महिनाभर त्यांना नमस्कार केला नाही.

पण चाचांचं खरं वेड म्हणजे अर्थिंगचा खड्डा. रेडिओची एक तार आकाशात आणि एक जमिनीत गेली पाहिजे, आणि जमिनीतली तार ओल्या जागी पोचली पाहिजे, हा त्यांचा धर्म होता. आमच्या गल्लीत दोन हात खणलं की मुरूम लागतो. आठ घरांसाठी आठ खड्डे कोण खणणार? म्हणून चाचांनी गल्लीच्या मधोमध निंबाच्या झाडाखाली एकच खोल खड्डा खणवून घेतला. राजूरच्या खाणीवर त्यांचा साडू होता, त्याच्याकडून कोळसा आणवला, तो जाळून त्याचा कोक केला, खड्ड्यात कोक आणि मिठाचे थर दिले, मधे तांब्याची पट्टी उभी पुरली आणि आठही घरांच्या तारा आणून तिला बांधल्या. नववी तार त्यांच्या दुकानाची. तेव्हापासून ते गल्लीत कुणालाही भेटले की आधी खड्ड्याची चौकशी करत. "आज खड्ड्याले पानी पाजलं काय?" हिवाळ्यात लोक हसत हसत तांब्याभर ओतायचे. पण यवतमाळचा उन्हाळा म्हणजे नळ दोन दिवसांआड आणि विहिरी तळाला. माणसांनाच पाणी पुरत नाही तिथे खड्ड्याला कोण पाजणार?

त्या वर्षी चाचा एक डबा तयार करत होते. बाभुळगावाकडच्या एका तांड्यात सरकारी रेडिओ आला होता, पण वीज नव्हती आणि रेडिओच्या महागड्या कोरड्या बॅटऱ्या दोन महिन्यांत संपत. मोटारगाडीच्या साध्या बॅटरीवर तो रेडिओ चालावा, असा डबा तांड्याच्या नायकाने चाचांकडे मागितला होता. त्या डब्यात एक पोलादी पट्टी सारखी थरथरत असे आणि त्या थरथरीतून रेडिओला लागणारी वीज तयार होई. चाचांनी पट्टीची खरखर रेडिओत शिरू नये म्हणून फार डोकं लढवलं. डब्यापासून रेडिओकडे जाणाऱ्या तारेवर त्यांनी कंडेन्सर बसवले आणि अडवलेली सगळी खरखर अर्थिंगच्या तारेत सोडून दिली. वर, जाळी हवेतली खरखर अडवते म्हणून, रेडिओ ठेवला चाचींच्या जाळीच्या कपाटात. दूध-दही बाहेर आलं, मांजरीची चैन झाली आणि चाची आठ दिवस बोलल्या नाहीत. पण त्या कपाटातला रेडिओ असा स्वच्छ बोलायचा की चाचा गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून ऐकवत.

याच सुमारास, होळी आटोपल्यावर, निंबाच्या पलीकडे गिरजाबाईंनी पिठाची चक्की टाकली. गिरजाबाईंचे यजमान कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, ते मागल्या साली गेले होते. पदरात तीन मुली. त्या चौघींचं पोट चक्कीच्या पट्ट्यावर फिरत होतं. चक्की सुरू झाली आणि आठवड्याभरात आठही घरांच्या रेडिओंत भुंगा घोंघावू लागला. चक्की चालू की भुंगा चालू, चक्की बंद की भुंगा बंद. पुरावा आणखी कोणता हवा? तक्रारअर्ज तयार झाला. आठांपैकी सात घरांनी सह्या केल्या. पहिली सही आमच्या दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची. आठवं घर डॉक्टरांचं, त्यांनी सहीला नकार दिला कारण खरखरीचा विषय निघाला की त्यांना न्हाणीघर आठवायचं. अर्ज फिरून माझ्याच टेबलावर आला. साहेब म्हणाले, "तुमच्याच गल्लीचं आहे. सोमवारपर्यंत चौकशी करून अहवाल द्या. खरं असेल तर परवाना रद्द करू." एका बाजूला दादांची सही, दुसऱ्या बाजूला गिरजाबाई. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

मी चाचांकडे गेलो. चाचांनी लगेच चाळणी उचलली. दुकानाच्या दारातूनच चाळणीने सरळ निंबाकडे बोट दाखवलं, आणि निंबामागेच चक्की. चाचा दुकानातलं काम बंद करून चक्कीवर आले, मोटर उघडली आणि चक्रावले. "हिच्यात तं ठिनगी पाडनारा ब्रशच नाही. ठिनगी उडाले जागाच नाही," ते म्हणाले. मग त्यांनी चामड्याच्या पट्ट्यावर संशय घेतला, कारण कोरड्या हवेत पट्टा घासून त्यावर वीज साचते. पट्ट्याजवळ तांब्याच्या तारांची फणी बसवली. चक्की सुरू केली, आणि काय सांगू, गल्लीतले सगळे रेडिओ स्वच्छ. दादांनी चाचांना चहा पाजला. मी मनातल्या मनात अहवाल लिहूनही टाकला. चाचा दुकानात परतले, आणि दहा मिनिटांत भुंगा हजर. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटरीवर कंडेन्सर चढवला. पुन्हा रेडिओ स्वच्छ, पुन्हा चहा, चाचा दुकानात आणि पुन्हा भुंगा. शनिवारी त्यांनी चक्कीचं बटण बदललं. तिसऱ्यांदा तेच घडल्यावर चाचा डोक्याला हात लावून चक्कीच्या पायरीवर येऊन बसले. इतकं हरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

गिरजाबाई पीठ झाडत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "चाचा, राग नोका मानू. मले यातलं काही समजत नाही. पन तीन दिवस पाहून राह्यली. तुमी इथं असता तवा चक्की चालू असूनबी भुंगा नाही. तुमी दुकानात गेले का तो येते."

चाचांनी डोक्याचा हात काढला. मग माझ्याकडे वळून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "बाबूसाहेब, चक्की सुरू झाली का म्या डबा सुरू करतो. चक्कीच्या खरखरीत डबा टिकते का नाही, ते पाहाले." आणि ते उठून दुकानाकडे चालू लागले. चाळणी पायरीवरच राहिली. ती ते आजवर कधी विसरले नव्हते. मी ती घेऊन मागे गेलो, तर चाचा दुकानात डब्यासमोर उभे होते. चाळणी हातात घेऊन त्यांनी डबा सुरू केला आणि स्वतःच्याच अर्थिंगच्या तारेजवळ चाळणी नेली. झोळीतला रेडिओ असा किंचाळला की मांजर कपाटावरून पळालं. गावभर खरखर शोधणाऱ्या माणसाने आपल्या घरात चाळणी कधी फिरवलीच नव्हती. "माह्या आंगनातला कचरा म्या झाडून गल्लीत लोटला," ते म्हणाले. "खड्डा ओला होता तवा जमीन गिळून घेत होती. आता खड्डा वाळला. कचरा आठ घराच्या तारांनी वरते चढून राह्यला."

मी म्हणालो, "चाचा, डबा बंद ठेवा. मी अहवालात लिहितो, कारण सापडलं आणि दूर झालं. तुमचं नाव कशाला? रेडिओवाल्याच्याच दुकानातून खरखर येते म्हटल्यावर कोण रेडिओ दुरुस्तीला देईल?" चाचा म्हणाले, "न देले तं न देले. तिच्या चक्कीचं नाव खराब झालं, ते कोन धुईल? उद्या सगळ्याईले निंबाखाली बोलवा."

रविवारी सकाळी सातही सह्या निंबाखाली जमल्या. आमचा रेडिओ ओट्यावर आणून ठेवला होता. चाचांनी गिरजाबाईंना चक्की लावायला सांगितली. रेडिओ स्वच्छ. चक्की थांबवायला सांगितली, दुकानात गेले आणि डबा सुरू केला. भुंगा असा उठला की दादांनी कानावर हात ठेवले. चाचा बाहेर येऊन म्हणाले, "अहवालात लिहा बाबूसाहेब. कसूर रेडिओवाल्याचा. चक्की बेकसूर. आता कोनी घागरभर पानी द्या." सगळे एकमेकांकडे पाहू लागले. त्या दिवसांत घागरभर पाणी मागणं म्हणजे थट्टा नव्हती. गिरजाबाई आत गेल्या आणि त्यांच्या घरची भरलेली घागर घेऊन आल्या. त्यांनी ती हळूहळू खड्ड्यात ओतली. पाणी झिरपत गेलं तसा ओट्यावरचा भुंगा बसत गेला, आणि घागर रिकामी झाली तेव्हा रेडिओतून बाजारभाव सांगणारा माणूस नीट ऐकू येऊ लागला. कापसाचा भाव ऐकून मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नाही. दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "मला पहिल्यापासूनच शंका होती." लोक हसले, आणि गिरजाबाई पदराने डोळे पुसत त्या हसण्यात सामील झाल्या.

सोमवारी मी अहवाल दिला, परवाना राहिला. माझी भीती खोटी ठरली. चाचांच्या दुकानात त्या महिन्यात इतके रेडिओ आले की बसायला जागा उरली नाही. जो स्वतःचा दोष चारचौघांत सांगतो तो आपल्या रेडिओत नसलेला दोष काढणार नाही, असं लोकांना वाटलं असावं. चाचांनी डबा नव्याने बांधला. कंडेन्सर थेट त्या थरथरत्या पट्टीपाशीच बसवला, सगळं वनस्पती तुपाच्या डब्यात घालून झाकण कथलाचा डाक देऊन बंद केलं, आणि दुकानामागे स्वतःच्या हाताने चार दिवस मुरूम खणून आपला वेगळा खड्डा केला. "आता जिथं जलमते तिथंच मारतो, दुसऱ्याच्या दारात नाही सोडत," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. डबा तांड्यात गेला. चाचींना कपाट परत मिळालं आणि मांजर वाळलं.

पुढे ट्रान्झिस्टर आले. त्यांना ना डबा लागत होता, ना जमिनीतली तार. निंबाखालच्या तारा एकेक करून लोकांनी कापून नेल्या. चाचा थकले, कानाने कमी ऐकू लागले, आणि एका पावसाळ्यात गेले. शेवटी शेवटी ते ट्रान्झिस्टर कानाला लावून बसत, आणि त्यात एक गाणं सुरू असे. काटा मात्र ते सरकवत नसत. त्याचं मला फार वाईट वाटायचं.

ते गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी दळण घेऊन चक्कीवर गेलो होतो. गिरजाबाई निंबाखाली वाकून खड्ड्यात तांब्याने पाणी घालत होत्या. मी म्हणालो, "बाई, आता एकही तार उरली नाही तिथे. पाणी कशाला वाया घालवता?"

त्या मान वर न करता म्हणाल्या, "मले ठाव हाय, भाऊ. पन इथं उभं राहून एका मानसानं माह्यासाठी खरं सांगतलं होतं. ते जागा वाळू देववत नाही."

मी दळणाची पिशवी पायरीवर ठेवली आणि तांब्या त्यांच्या हातून घेतला.