हिरव्या कागदाचं दावं

माझ्या मुलीनं, जिबेकनं, आणि जावयानं बिश्केकमध्ये घेतलेलं घर बुरुल एजेंचं होतं. आम्ही मोठ्या बहिणीला एजे म्हणतो आणि सत्तरी ओलांडलेल्या अनोळखी बाईलाही. किल्ल्या हातात दिल्या त्या दिवशी त्यांनी खिडक्यांच्या काचासुद्धा पुसून ठेवल्या होत्या. स्वयंपाकघरात तेलाचा एक डाग नाही, फरशीवर कचऱ्याचा कण नाही. जिना उतरताना त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. इतकी वर्षं राहिलेली बाई आणि एवढी कोरडी कशी, असं मला तेव्हा वाटलं होतं.

गेल्या वर्षी जिबेकचं बाळ पोटातच गेलं. आता तिला पुन्हा दिवस राहिले होते आणि ती, जावई एर्मेक आणि मी सोडून हे कुणालाच माहीत नव्हतं. दृष्ट लागायला वेळ लागत नाही. मुलीच्या डोक्यात मात्र वेगळेच बेत चालले होते. भिंती पांढऱ्या करायच्या, स्वयंपाकघर आणि खोलीमधली भिंत पाडायची, बाल्कनीला काचा लावून तिथं टेबल मांडायचं. माझं एकच म्हणणं होतं. भिंतीवरचा जुना कागद मुळापासून काढा, परक्या माणसाचं सुखदुःख चिकटून राहायला नको. खिडकीची फट बुजवा आणि कोपऱ्यातली ओल घालवा. बाकी हवं ते पाडा.

आमच्यात घराचं काम निघालं की पैसे देऊन माणसं लावत नाहीत, इर्जिक घालतात. रविवारी सगळे येतात, काम करतात आणि घरचा माणूस त्यांना जेवू घालतो. एर्मेकची तुर्सुन मावशी तर बादली आणि खरवडायची पात्याची पट्टी घरूनच घेऊन आली. मी पुलावाचं पातेलं चढवलं आणि जिबेकला गाजरं चिरायला बसवलं.

"सून काय, गाजरंच चिरणार?" मावशीनं स्टुलावरून विचारलं. "आमच्या वेळी आम्ही पाठीला पोर बांधून भिंती खरवडल्यात."

"तिची कंबर धरलीय," मी म्हणाले.

"कंबर धरलीय की आईनं धरून ठेवलीय?"

सगळे हसले. मीही हसले, पण पाण्याची बादली जिबेकच्या हाताला लागणार नाही अशी पायानं पलीकडे सरकवली.

वरचा कागद सहज निघाला. जाड, चकचकीत, हल्लीचा. त्याच्याखाली तपकिरी रंगावर सोनेरी पट्टे होते. तो निघता निघत नव्हता. एर्मेक ओलं फडकं दाबून धरायचा आणि मावशी पट्टी घालायची. एवढ्यात दारावर टकटक झाली. दारात बुरुल एजे उभ्या होत्या. हातात बोरसोकची, पिठाच्या तळलेल्या गोळ्यांची, पिशवी. पहाटेच्या गाडीनं त्यांच्या गावाहून, कोचकोरहून, आल्या होत्या.

"इर्जिक आहे असं खालची शेजारीण फोनवर म्हणाली," त्या म्हणाल्या. "माझंच घर उघडं करताय, मग मला कसं बोलावलं नाही?"

मावशीनं लगेच सुनावलं, "या, एजे! तुम्हीच चिकटवलंय ना हे? मग तुम्हीच काढा. सोनेरी पट्टे काय, सिमेंट लावलंय जणू!"

"त्या पट्ट्यांना शिव्या देऊ नकोस," एजे डोक्याचा रुमाल सोडत म्हणाल्या. "आमचा शिवण कारखाना बंद पडल्यावर मी बाजारात अस्तरं विकायला बसायचे. शेजारच्या गाळ्यातल्या बाईनं अस्तराच्या बदल्यात तो कागद दिला होता. आमचा म्हातारा म्हणाला, राजाच्या महालात राहतोय असं वाटतं. तो चालवायचा ती ट्रॉलीबस तेव्हा महिन्यातले निम्मे दिवस डेपोतच उभी असायची. दिवसभर घरी बसून तो महाल बघायचा."

एजे कामाला लागल्या. बोलायच्या, पण हात थांबत नसे. कोचकोरहून शिवण कारखान्यात आल्या तेव्हा वसतिगृहाच्या खोलीत त्या सहा जणी होत्या. भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नव्हती. लग्नानंतर नवऱ्याला हे घर मिळालं तेव्हा दोघांनी आधी खिळाच ठोकला. टांगायला काही नव्हतं तरी. मुलाचं लग्न ठरलं म्हणून वरचा चकचकीत कागद लावला. सून दोन हिवाळे या घरात राहिली. मग दोघंही रशियात गेली आणि तिकडचीच झाली.

"आणि म्हातारा?" मावशीनं विचारलं.

एजेंनी फडकं पिळलं आणि पुढच्या पट्ट्यावर दाबलं.

पट्ट्यांच्या खाली शेवटचा कागद निघाला. फिकट हिरवा, त्यावर पांढऱ्या बेरीच्या डहाळ्या. हातातला झारा तसाच धरून मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. हा कागद आमच्या नारीन गावातल्या घरात होता! त्या काळी दुकानात येईल तो माल घ्यायचा. एक नक्षी आली की अख्ख्या देशाच्या भिंती तशाच. आई कढईत पिठाची खळ शिजवायची आणि आम्ही भावंडं ती गरम असतानाच बोटानं चाटायचो. वडील स्टुलावर, आई खाली, आणि डहाळीला डहाळी जुळली नाही म्हणून दोघांचं भांडण. शेवटी कागद पुरलाच नाही. उरलेल्या भिंतीवर आजीचा भरतकामाचा पडदा टांगला. हिवाळ्यात मी त्या डहाळ्यांकडे बघत झोपी जायचे. एका डहाळीला बेरीच नव्हती, ती माझी होती. तो कागद पुढं कुठं गेला कोण जाणे. आई गेल्यावर भावानं घर विकलं.

"बाई," बुरुल एजे हलकेच म्हणाल्या, "यातला एक तुकडा मला द्या. त्यासाठीच आलेय मी."

"कशाला?"

"गाय विकली तरी दावं विकत नाहीत, हे माहीत आहे ना? दावं आपल्याकडे ठेवायचं, नाहीतर गोठ्याची बरकत गायीबरोबर जाते. मला वाटलं, शहरातल्या घराला कसलं दावं! झाडून पुसून सगळं देऊन टाकलं. भावाकडे गेले तेव्हापासून माझ्या हाताला यश नाही. दही लावलं तर लागत नाही. भावजय तोंडावर काही बोलत नाही, पण भांडं माझ्या हातातून काढून घेते."

बरकत! म्हणजे ती या भिंतीत होती आणि आता ही बाई ती पिशवीत घालून घेऊन जाणार. मग माझ्या मुलीला काय राहणार? पांढरा रंग?

"नाही," मी म्हणाले. "घर आता आमचं आहे. कागदसुद्धा."

एर्मेक फडक्याकडे बघत राहिला.

"आई!" जिबेक गाजरं ठेवून उठली. "कचऱ्यात टाकणार होतीस ना तू हे?"

"तू मध्ये बोलू नकोस."

एजेंनी जिबेककडे पाहिलं. मग पलीकडे सरकवलेल्या बादलीकडे, आणि मग माझ्याकडे. त्यांना कळलं. मी मान खाली घातली.

"दावं ठेवतात ते गाय परत ओढून आणायला नव्हे," त्या सावकाश म्हणाल्या. "ज्यानं नेली त्याच्याकडे ती दूध देतेच. रिकाम्या गोठ्यात रात्री खुंटा बघवत नाही, म्हणून दावं." मग भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या, "आमचा म्हातारा याच खोलीत गेला. याच भिंतीकडे तोंड करून. तेव्हा वर चकचकीत कागद होता, पण म्हणाला, बुरुल, खाली डहाळ्या आहेत बरं का."

मावशीनं नाक ओढलं. मी फडकं गरम पाण्यात बुडवलं आणि भिंतीवर दाबून धरलं. पिठाची खळ ती, गरम पाण्याला मऊ होते. एजेंनी वरची कड धरली आणि मी खालची. दोघींनी हळूहळू सोलायला घेतलं, पण मध्येच कागद फाटला. वरचा भाग त्यांच्या हातात आला. खालचा भाग माझ्या बाजूला भिंतीलाच चिकटून राहिला. कितीही पाणी लावलं तरी निघेना.

"तो तुमचा," एजे म्हणाल्या. त्यांनी आपला तुकडा रुमालात गुंडाळला. मग दोन्ही तळवे वर करून जिबेकपुढं उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता बाळाचं नाव काढतात. पण त्या एवढंच म्हणाल्या, "या भिंतीला ऊब राहो. या घरात रात्री कुणी एकटं जागं न राहो." आशीर्वाद संपला की फिरवतात तसे सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले. जिबेक खूप रडली. कंबर दुखते म्हणून, असं मी मावशीला सांगितलं. मावशीनं मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही.

मग आम्ही पुलाव खाल्ला. एजेंनी दोनदा वाढून घेतला आणि गाजरं जाड चिरलीत म्हणून जिबेकला बोलल्या.

मधली भिंत पाडली. भेगांत लांबी भरून सगळीकडे पांढरा रंग दिला. एर्मेकनं तो हिरवा तुकडाही झाकायला घेतला होता, जिबेकनंच त्याचा हात धरला. आता पांढऱ्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला तीन डहाळ्या दिसतात. आलेगेले विचारतात, इथं रंग संपला का?

परवा बुरुल एजेंचा फोन आला.

"दही लागलं," नमस्कार चमत्कार न करताच त्या म्हणाल्या.

"घट्ट?"

"सुरीनं कापावं असं. भावजयीनं शेजारी नेऊन दाखवलं." मग म्हणाल्या, "पाळणा कुठं ठेवणार?"

"आणला नाही अजून. आधी आणत नाहीत."

"आणूच नकोस. जागा मात्र मोकळी ठेव."

जिबेकला आठवा लागलाय. त्या तीन डहाळ्यांपुढं कपाट चांगलं बसेल म्हणून ती दोनदा माप घेऊन गेली. मी बसवू दिलं नाही.