फोटोमामांनी रिकामी सोडलेली ओळ

फोटोमामांचा मला अजून राग येतो. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण मामा होतेच तसे. आमच्या अख्ख्या राहनाळ गावाचे मामा. गळ्यात कॅमेरा अडकवल्याशिवाय दूध आणायलाही बाहेर पडायचे नाहीत. आणि फोटो कशाचे? तर भातखाचरांचे! ना खाडी, ना होडी, ना सूर्यास्त. चार बांध आणि मधे चिखल.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. जमिनी विकून गोदामं उठत होती आणि भराव पडायच्या आधी मामा धावत जाऊन फोटो काढत होते. भिवंडीत माझं सायबर कॅफे, म्हणून त्यांची वेबसाइट माझ्याच गळ्यात पडली. काळ्यावर पिवळी अक्षरं, वर सरकणारं 'सुस्वागतम्', आणि प्रत्येक फोटोखाली मामांनी शेजारी खुर्ची ओढून सांगितलेली ओळ. 'सुनेचं खाचर. गोविंदाच्या आजीने सासूशी भांडून मागून घेतलं.' 'उपाशी खाचर. कधीच पोटभर पिकलं नाही.' मी निमूट टाइप करायचो आणि मनात म्हणायचो, कोण वाचणार आहे हे?

कोणी वाचत नव्हतंच. तळाशी भेटी मोजणारा आकडा होता, तो आम्ही दोघं साइट उघडू तेवढाच हलायचा. शेवटी मामाच वैतागले. "काय रं, कुत्रंबी फिरकत न्हाय. कायतरी सुधारणा कर."

केली की मग! दोन दिवस खपलो. पांढरी पार्श्वभूमी, मोठे फोटो, एकामागून एक सरकणारे. खालच्या ओळी सगळ्या पुसल्या. जुनी फाइल वेगळी ठेवावी एवढी अक्कलही मला नव्हती.

मामांनी शेवटच्या फोटोपर्यंत पाहिलं. "नावं कुठं हायत?"

"मामा, हल्ली असंच असतं. फोटोनेच बोलायचं."

"लग्नाच्या पत्रिकेतनं नवरा-नवरीची नावं गाळशील काय रं?" ते एवढ्या जोरात ओरडले की सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "एवढं प्रेम होतं तर विकली कशाला शेतं?"

बोलायला नको होतं. मामांनी गळ्यातला कॅमेरा सारखा केला. मग म्हणाले, "इकली, म्हणून तर लिवून घेतो."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज दुपारी हजर. एकूण एक नाव पुन्हा सांगितलं, तोंडपाठ. एका फोटोपाशी मात्र थांबले. फुटका बांध, कोपऱ्यात जांभूळ.

"हे राहू दे."

"विसरलात ना?" मी चिडवलं.

"मी? तुझ्या बापाचं शेत हाय हे. पयल्यांदा मी सांगितलं, तू लिवलंस आणि तूच पुसलंस. आता तूच आठव. मी न्हाय सांगणार."

बाबांनी शेत विकलं तेव्हा मी पाळण्यात होतो, घेणाऱ्याने ते इतकी वर्षं तसंच पडीक ठेवलेलं, आणि बाबांना जाऊनही बरीच वर्षं झालेली. तरी मला हसूच आलं. त्यात काय, मामांचा पारा उतरला की काढून घेऊ. ते रोज चहा पिता पिता विचारायचे, "आठवलं?" मी म्हणायचो, "उद्या."

भातकापणीच्या सुमारास मामा गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं आटोपलं. दिवसकार्याला जमलेल्या म्हाताऱ्यांना मी विचारत सुटलो. एक म्हणाला 'जांभळीचं', दुसऱ्याने त्याला वेड्यात काढलं. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "आम्ही आपलं शेतावर जातो म्हणायचो रे. नाव तुझ्या बापाला ठाऊक."

एक शब्द होता, मामा! सांगून टाकला असतात तर काय बिघडत होतं? आणि मी तरी कसला दिवटा! माझ्याच बोटांनी टाइप केलेलं नाव, आणि ते माझ्या घरचं आहे हेसुद्धा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

त्या शेतावर आता गोदाम आहे. परवा एका ट्रकवाल्याने रस्त्यात थांबवून त्याचाच पत्ता विचारला. मी हात करून दाखवलं आणि म्हटलं, "वो सामने, बी-चार."