समोरची पिवळी खिडकी

तरुणपणी लाईट गेली की मी आधी खिडकीत धावायचे. शेजाऱ्यांचीही गेलेली दिसली की जीव भांड्यात पडायचा. काय पण मोठं मन होतं माझं!

आज थंडीनं नाशकातले सगळे हीटर एकदम लागले आणि संध्याकाळीच वीज गेली. सोसायटीचा जनरेटर बेताचा. समोरच्या विंगमधल्या भिडेवहिनींचं ऑक्सिजनचं मशीन चालू राहावं, म्हणून आम्ही सगळ्यांनी घरातलं सगळं बंद केलं. जनरेटर मध्येच खोकला की माझाच श्वास अडकायचा. दोन स्वेटर चढवून मी उठले, खिडकीत गेले.

"सगळ्यांची गेलीय, आजी. आता तरी बस!" नात खिदळली.

"गप गं, माकडे."

समोर नुसता काळोख, आणि सातव्या मजल्यावर एक पिवळी खिडकी. ती दिसली, आणि जीव भांड्यात पडला.