मध कडू आहे, हे आधी सांगा

फोन आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत मधानं बरबटलेले होते. चैत्रातलं मोहळ पिळून फडक्यातून गाळत होते. फोन तीनदा वाजून थांबला, चौथ्यांदा सुनेनं तो माझ्या कानाला लावला. पैठणची रुपाली बोलत होती, सुजाता मॅडमची जुनी विद्यार्थिनी. "मावशी, मॅडम गेल्या." मी म्हटलं, कुठं गेल्या, पुण्याला का? ती रडायला लागली तेव्हा कळलं... खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. तीन आठवड्यांपूर्वीच ही बाई माझ्या ओट्यावर बसून गेली होती. लई बारीक झालात म्हटलं तर म्हणाली, पित्त आहे. आणि रुपाली सांगत होती की वर्षभर कॅन्सरचं औषध चालू होतं, तिला पण ते मॅडम गेल्यावरच कळलं. या गोष्टीला आता दोन महिने झाले. राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी काही घाई पण नाही.

मी भिल्लाची बाई. पिशोरच्या पलीकडं डोंगराला लागून आमची वस्ती आहे. शाळेचं तोंड पाहिलं नाही. एसटीच्या पाट्या वाचून अक्षरं लागली, मग नातवाची पुस्तकं, मग पुडीचा कागद असो की वर्तमानपत्र, जे हाताला लागेल ते. आम्ही बायका गट करून डोंगरातला मध आणि डिंक विकतो. सुजाता मॅडम शहरातल्या एका कॉलेजात 'संवाद कौशल्य' शिकवायच्या. वडील वाळूजच्या कंपनीत होते, घर बजाजनगरला. एका विद्यार्थ्याच्या लग्नाला पिशोरला आल्या आणि बाजारात माझ्या मधाच्या पाटीपाशी थांबल्या. "जयभीम मावशी," म्हणाल्या. मी रामराम केला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. मी त्याला माझ्या नेहमीच्या रीतीनं सांगितलं, बाबा, हा कडुनिंबाच्या फुलाचा मध हाय, जिभेला कडू लागंल. थंडीत दाणा धरील, मग साखर घातली म्हणून मला शिव्या देऊ नको. अन् घरात वर्षाच्या आतलं लेकरू असंल तर त्याला बोट बी चाटवू नको. त्यानं दोन बाटल्या घेतल्या. मॅडम पाहतच राहिल्या. म्हणाल्या, मावशी, तुम्ही त्याला घेऊ नको म्हणत होता, मग त्यानं घेतलं कसं?

मला त्या प्रश्नाचाच अर्थ कळेना. आमच्या वस्तीवर मालाची खोट आधी सांगायची आणि मग भाव. माझी आजी तसंच विकायची. खोट सांगितली की गिऱ्हाईक समजतं, बाकीचा माल चोख आहे.

पण शिकलेल्या माणसाला ऐकलेलं लगेच पटत नाही. मॅडमनी आधी मलाच शिकवायला घेतलं. बजाजनगरला बचत गटांचं प्रदर्शन होतं, तिथं प्रत्येकीनं स्टेजवर तीन मिनिटं आपल्या धंद्याबद्दल बोलायचं होतं. याला पिच म्हणतात म्हणाल्या. मी म्हटलं, क्रिकेटचं का? त्या पोट धरून हसल्या आणि मग त्यांनी मला पाठ करायला दिलं. 'शुद्ध, नैसर्गिक, सर्वोत्तम.' मी पण शहाणी, आठ दिवस पाठ केलं, एक काना चुकू दिला नाही. बोलून खाली उतरले तर समोर आमच्या वस्तीची जनाबाई. ती नवऱ्याबरोबर कामाला तिकडंच राहते. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "काय गं, मध आंबला का तुझा? एवढी तारीफ करायलीस ती."

आमच्यात जो माल खपत नाही त्याचीच तारीफ करतात. मी त्या सगळ्या माणसांत मॅडमला बोलले. म्हटलं, तुम्ही मला माझ्या माणसांपुढं खोटं पाडलं. दुसरी कुणी असती तर समजूत घातली असती. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि म्हणाल्या, "चूक माझी. आता पहिल्यापासून सांगा, आधी काय बोलायचं?"

पुढची सहा वर्षं त्यांनी याच्यावरच वर्ग चालवला. पुस्तकातल्या परदेशी साहेबाचे धडे बाजूला ठेवले आणि आमच्यासारख्यांची बोलणी मोबाईलवर व्हिडिओ करून घेतली. माझं मधाचं होतं, एका ठाकर भावाचं टोपल्यांचं होतं. ती बोलणी त्या पोरांना ऐकवायच्या, मग आम्हालाच वर्गात बोलवायच्या. पहिल्या दिवशी माझ्या 'लई' आणि 'व्हय'ला पोरं फिदीफिदी हसली. मॅडम रागावल्या नाहीत. एका हसणाऱ्याच्या हातात बाटली दिली आणि म्हणाल्या, तुझी भाषा शुद्ध आहे ना, मग हा मध मावशींना विक. तो म्हणाला, हा प्रतिकारशक्ती वाढवणारा उत्तम मध आहे. मी विचारलं, कोणत्या फुलाचा? तो म्हणाला, सर्व फुलांचा. मी म्हटलं, मंग तुझ्या माशा लई उनाड हायेत बाबा. वर्ग हसला, तो पण हसला. पुढं त्याच पोरानं माझ्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहून दिल्या.

प्रत्येक पोरानं उभं राहून आधी आपली खोट सांगायची, मग आपलं काम, असा त्या वर्गाचा नियम होता. ही रुपाली विणकराच्या घरातली, मान वर करायची नाही. एक दिवस उठली आणि म्हणाली, "कुणी ओरडलं की माझे हात थांबतात. हळू बोललात तर दिवसभर काम करीन." नोकरीच्या मुलाखतीला पण तेच बोलली. पहिल्या दोन ठिकाणी नाही म्हणाले, तिसऱ्या ठिकाणी घेतलं. मॅडमनी मला फोन करून ते दोनदा सांगितलं.

तर अशी ही बाई. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'खोट आधी' लिहिणारी. माझ्या ओट्यावर बसली, निम्मी भाकरी ताटात ठेवली, डोक्याचा रुमाल सोडला नाही. आणि मला म्हणाली पित्त आहे. मी वेडीनं तिला कोकमाचं पाणी करून दिलं! तिनं ते घोट घोट घेत सगळं पिलं. त्या पिण्याची आठवण झाली की मला अजून ताट आपटावं वाटतं.

कॉलेजानं शोकसभा ठेवली. मला पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी मॅडमच्या आई. भाषणामागून भाषणं झाली. एक जण म्हणाले, मॅडमनी मुक्या समाजाला वाणी दिली. मी हातातला रुमाल पिळत बसले. मुका समाज कोण हो? माझी आजी चार गावांच्या बाजारात बोलून माल विकायची. मॅडमनी आम्हाला वाणी दिली नाही, त्यांनी कान दिला, आणि तो द्यायला तुमच्या कॉलेजात दुसरं कुणी तयार नव्हतं. मग पडद्यावर व्हिडिओ लावला, त्यात मी होते. मी म्हणत होते, खोकल्याला घ्या, भाजलेल्याला लावा, आमच्या डोंगरातला हाय. बस, संपलं. कडू लागंल हे कापलं, दाणा धरील हे कापलं, आणि वर्षाच्या आतल्या लेकराला देऊ नका, हे पण कापलं.

हे मला आमच्या वस्तीवर येणाऱ्या नर्सबाईनं कळवळून सांगितलं होतं की मावशी, तान्ह्याला मध म्हणजे जिवाशी खेळ, तुम्ही विकता तर तुम्हीच सांगा. तेव्हापासून त्या वाक्याशिवाय मी एक बाटली हातातून सोडलेली नाही. आणि इथं दोनशे माणसांपुढं माझंच तोंड मला ते न सांगता मध विकत होतं.

मी उभी राहिले. म्हटलं, बंद करा ते. ज्यांनी व्हिडिओ केला ते सर गोड आवाजात म्हणाले, "मावशी, वेळ कमी होता, म्हणून फक्त नकारात्मक भाग काढला." मी म्हटलं, "सर, तो नकारात्मक भाग नाय, तो माझा शब्द हाय. त्यानं उद्या एखादं लेकरू दगावलं तर त्याच्या आईपुढं तुम्ही उभं राहणार का मी?" मग मी थांबले नाही. म्हटलं, मघापासून नुसती तारीफ चालली हाय, आमच्यात तारीफ कशाची करतात ते मॅडमला माहीत होतं. तर मी त्यांची खोट सांगते. त्या खोटारड्या होत्या. वर्षभर मरणाला घेऊन फिरल्या अन् मला पित्त म्हणाल्या. आता ऐका, त्यांच्यासारखी मास्तरीण या शहरात दुसरी नव्हती... आणि मग मी खाली बसले.

पडदा त्या दिवशी बंद केला. रुपालीकडं पूर्ण बोलणं आहे, तिनं ते सरांना पाठवलं पण. तरी तो कापलेला व्हिडिओ कॉलेजच्या ग्रुपमधून निघून मोबाईल-मोबाईलवर फिरतोय, नातू मला दाखवतो. म्हणून हे लिहायला बसले. त्यातली म्हातारी मी आहे, आणि तान्ह्या लेकराला मध देऊ नका. एवढं लक्षात ठेवा, या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

सभेनंतर मॅडमच्या आईंनी माझा हात सोडला नाही. रिक्षानं बजाजनगरला घरी नेलं. वाटेत मी माफी मागायला लागले की भरल्या सभेत तुमच्या लेकीला खोटारडी म्हणाले. त्या बाहेर बघत म्हणाल्या, "मला बी पित्तच सांगितलं होतं."

चहा झाल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघराला लागून असलेली गॅलरी दाखवली. कपडे वाळत घालण्यापुरती जागा, समोर कंपनीची पाण्याची टाकी. त्या सांगत होत्या, कॉलेजला जायच्या आधी सुजाता इथं उभी राहून बोलायचा सराव करायची, रोज, कधी चुकली नाही. शेवटच्या वर्षात एकच वाक्य असायचं. 'आधी एक सांगते.' एवढं म्हणायची आणि थांबायची. मग परत तेच. आई आत पोळ्या लाटत ऐकायच्या, त्यांना वाटायचं पोरांचा धडा असेल.

"आज तुम्ही बोललात तवा कळलं कसला धडा होता," त्या म्हणाल्या. "मी हितंच होते हो. चार हातांवर."

मी स्वयंपाकघर आणि गॅलरीच्या मधल्या दाराकडं पाहिलं. त्याला कडीच नाही.