सुलूची अंगारकी

सुलू गेल्याचं कळलं तेव्हा मी गाडीचे विंटर टायर काढून घ्यायला गॅरेजमध्ये बसले होते. फोनवर सुलूच्या नवऱ्याचं, भाऊजींचं नाव बघून म्हटलं, बाईसाहेबांचा फोन पुन्हा चार्जिंगला असणार. "फिलो," भाऊजी म्हणाले, "सुलू सकाळी उठलीच नाही." मी विचारलं, "का, बरं नाही का?" काय हा मूर्ख प्रश्न! पण माणूस पटकन मरणाकडे जातच नाही हो... मेंदूत रक्तस्राव झाला होता, झोपेतच. तिच्या नेहमीच्या कुठल्याच दुखण्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. समोर पोरगा माझ्या गाडीची चाकं फिरवत होता आणि मी त्याच्याकडे रागाने बघत होते, जणू त्यानेच काही केलंय.

सुलभा कोल्हापूरकडची, उसाच्या गावातली. मी वसईची ख्रिस्ती. कॅनडातल्या व्हिटबीत आमची घरं एका रस्त्याच्या दोन टोकांना. पहिल्या हिवाळ्यात ती माझ्या ड्राइव्हवेवरून चालली होती आणि मी उभी राहून बर्फाला शिव्या देत होते. तेवढ्यात पाठीमागून, "आगं बाई, मराठीत शिव्या!" असा आनंदाचा आवाज आला. तेव्हापासून सुटका नाही. पुढे एकाएकी तिने संकष्टी धरली; चंद्र दिसेपर्यंत जेवायची नाही, आणि मी दर संकष्टीला तिला चिडवायची. "तुझा देव एवढं मोठं पोट घेऊन बसलाय आणि तुला उपाशी ठेवतो?" ती म्हणायची, "तू उपवासकाळात चाळीस दिवस मटण सोडतेस ते? आणि ईस्टरला सगळं भरून काढतेस ते?" तिचे यजमान, म्हणजे मधुकरभाऊजी, वीजकेंद्रातून निवृत्त झालेले इंजिनीअर. त्यांचा देवावर, उपासावर, पंचांगावर काडीचा विश्वास नाही. ते आम्हा दोघींकडे बघून पेपर वर धरायचे.

मला स्तनाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, त्यातून मी उठले. त्यानंतर सुलूनेच टूम काढली, जपानला जाऊ. भाऊजींना माशाचा वाससुद्धा सहन होत नाही, म्हणून ते घरी राहिले. मार्च महिना होता. व्हिटबीत गुडघाभर बर्फ, आणि आम्ही जपानच्या दक्षिणेला इशिगाकी बेटावर अर्ध्या बाहीच्या ब्लाउजमध्ये! तिथून बोटीने एका दिवसात जाऊन येण्यासारखी बरीच बेटं आहेत, पण सुलूला हातेरुमाच हवं होतं. माणसं राहतात असं जपानचं दक्षिणेकडचं शेवटचं बेट. कारण काय, तर तिथे ऊस आहे! "एवढ्या लांब येऊन ऊस बघायचा?" म्हटलं तर म्हणाली, "तू समुद्र बघ की, तुझ्या वसईसारखा."

समुद्र खवळलेला होता. बोट अशी आपटत होती की मी अख्खी रोझरी म्हणून टाकली. बंदरावरच्या माणसाने हातांनी खुणा करून सांगितलं, वारा वाढतोय, संध्याकाळच्या बोटीचा भरवसा नाही, दुपारचीच धरा. मी तिथल्या दुकानातून पाणी आणि तिथल्याच उसाच्या काळ्या साखरेचं पुडकं घेतलं. साखर म्हणायची एवढंच, आपला गूळच तो. आम्ही सायकली भाड्याने घेतल्या. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये पांढरा रस्ता, आणि कुठूनतरी रस उकळल्याचा वास येत होता. सुलू सायकलवरून ओरडली, "फिले, गुऱ्हाळ!" इतकी खूश मी तिला तिच्या मुलीच्या लग्नातसुद्धा बघितली नव्हती. मी पुडकं पुढे केलं तर म्हणाली, नंतर. पाणी दिलं तर म्हणाली, नंतर. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

किनाऱ्यावर पोचलो आणि तिची सायकल सरळ वाळूत गेली. ती उतरली नाही, पडलीच. हात लावला तर अंग गार आणि घामाने निथळतंय, बोटं थरथरताहेत. तिथल्या एका छपराखाली मी तिला ओढत नेलं. "सुलू, सकाळी काय खाल्लंस?" काही नाही. "आणि साखरेची गोळी?" गोळी घेतली. कोरडीच गिळली. डायबेटिसची बाई, पोटात अन्नाचा कण नाही आणि वर गोळी! मी गुळाचा खडा तिच्या तोंडाशी नेला, तर तिने दात आवळून घेतले.

मग हळूहळू बाहेर आलं ते असं. व्हिटबीच्या हिशेबाने संकष्टी सोमवारी होती. पण आम्ही पडलो जपानमध्ये, तारीख पुढे गेलेली, इथे ती आली मंगळवारी. मंगळवारची संकष्टी म्हणजे अंगारकी, मोठं पुण्य. बाईसाहेबांना विमानात बसल्या बसल्या हा शोध लागला होता आणि लोभ सुटला होता. "कॅनडात सोमवार, हितं मंगळवार. फुकटात अंगारकी मिळाली गं," ती म्हणाली, आणि तशा अवस्थेत हसलीसुद्धा. अंगारकी ती कडक करायची. चंद्र उगवेपर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

"मरशील तू इथे!" मी किंचाळले. "दवाखाना शोधते."

"दवाखान्यात सलाईन लावतील. मोडेल की." तिची जीभ जड व्हायला लागली होती. मला भीतीने काही सुचेना. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही, वारा सुटलेला, बोटीची वेळ जवळ येत चाललेली. मी तिचे खांदे धरून हलवले. "कुणासाठी चाललंय हे? नवऱ्यासाठी? त्याला पटत तरी का?"

"तुझ्यासाठी, भवाने," सुलू म्हणाली. "तुझ्या ऑपरेशनच्या दिवशी बोलले गणपतीला. ही उठू दे, जिवंत असेपर्यंत एक चतुर्थी चुकवणार न्हाई."

इतक्या चतुर्थ्या मी तिला चिडवत होते आणि ती हसून ऐकून घेत होती... मला रडूही येईना आणि रागही आवरेना. रागच जास्त आला. माझ्यासाठी नवस बोलून माझ्याच मांडीवर मरायला निघाली होती! आणि त्या रागातच मला सुचलं. मी म्हटलं, "तुझा गणपती कुठे बसलाय? इथे? तो बसलाय व्हिटबीला, तुझ्या स्वयंपाकघरात, मिक्सरच्या शेजारी. नवस त्याच्याशी बोललीस ना? त्याच्या घरी अजून सोमवारची रात्र चाललीय. त्याच्याकडे चंद्र केव्हाच वर आलाय."

तिने डोळे उघडले. "बघितल्याशिवाय कसं सांगतेस?"

मी भाऊजींना व्हिडिओ कॉल लावला. झोपेतून उठलेले, केस उभे, चष्मा नाही. "चंद्र? यासाठी उठवलंत मला?" मी फोन सुलूच्या तोंडासमोर धरला. तिचा चेहरा बघून ते एकदम ओरडले, "साखर द्या तिला! बघता काय!" म्हटलं, घेत नाहीये. नवस आहे, माझ्या जिवासाठी बोललेला, चंद्र दाखवा.  पलीकडून जाड पार्का जॅकेटची चेन वर ओढल्याचा आवाज आला.

बाहेर बर्फ होता. फोन हलत होता, काळोख, पायऱ्या, शेजाऱ्याची गाडी, पुन्हा काळोख. भाऊजींचा श्वास ऐकू येत होता. "ढग आहेत... थांबा. थांबा हं." सुलूचं डोकं माझ्या खांद्यावर जड होत चाललं होतं. मी तिच्या गालावर चापट्या मारत होते आणि मनात मारियाबाईला म्हणत होते, जरा त्या गणपतीला मदत कर, माझं ऐकायचा नाही तो. आणि मग स्क्रीनवर तो दिसला. एका बाजूने जरासा झिजलेला, अगदी साधा चंद्र.

"ओवाळा," सुलू पुटपुटली. भाऊजी निरांजन आणायला आत धावले. काडेपेटी सापडेना, सापडली तर वाऱ्याने वात पेटेना, पेटली तर टिकेना. शेवटी ज्या माणसाने जन्मात कधी आरतीला टाळी वाजवली नव्हती, त्याने खिशातला टॉर्च काढून चंद्राला ओवाळलं. "पाणी सोडा," ती म्हणाली. त्यांनी मूठभर बर्फ उचलून पुढे टाकला आणि हुंदका देत म्हणाले, "झालं. सुलू, खा आता. खा ना गं."

तिने तोंड उघडलं. मी गूळ घातला, पाणी पाजलं, पुन्हा गूळ घातला. थोड्या वेळाने तिच्या अंगाला ऊब आली. पहिलं वाक्य काय असावं? "चिकीचा गूळ आहे. उतरवताना जरा करपवलाय." मी तिला एक धपाटा घातला आणि मग मात्र गळ्यात पडून रडले. सायकली हाताने ढकलत, अर्ध्या वाटेत एका ट्रॅक्टरवाल्याला हात जोडत आम्ही बोट कशीबशी गाठली. त्या रात्री इशिगाकीच्या खिडकीतून चंद्र उगवताना दिसला, तर सुलू पोटभर जेवून वर सुस्कारा टाकते, "अंगारकी हुकली माझी." परत आल्यावर डॉक्टरांनी तिला असं झापलं की पुन्हा कडक उपास तिने केला नाही, दिवसा साबुदाणा खायला लागली. चतुर्थी मात्र एकही सोडली नाही.

आता ती नाही. आणि कुणाला सांगायची लाज वाटते अशी एक गोष्ट इथे लिहिते. पुढच्या आठवड्यात माझी नेहमीची स्कॅन आहे, आणि मला भीती वाटते. मिस्साला जाणारी बाई मी, पण सुलू गेल्यापासून मनात एकच, आता माझ्यासाठी उपाशी राहणारं कुणी उरलं नाही. मैत्रीण गेल्याचं दुःख करायचं सोडून स्वतःच्या जिवाचं धरून बसलेय म्हणून माझी मलाच चीड येते.

परवा रात्री भांडी घासत होते, तर भाऊजींचा फोन. "फिलो, साबुदाणा आधी भिजवायचा असतो का हो?"

मला वाटलं, एकटे पडलेत, काहीतरी करून खायचं असेल. म्हटलं, "रात्रीच भिजवतात. का?"

"मग बरोबर. दगडासारखा झाला. तसाच खाल्ला दिवसभर, दात दुखतायत." मग म्हणाले, "आज चतुर्थी आहे ना."

"भाऊजी, तुम्ही... आणि उपास?"

"तुमची स्कॅन आहे ना पुढच्या आठवड्यात," ते म्हणाले. "मध्येच खंड नको. मी बाहेरच उभा आहे, पण इकडे ढग आहेत. तुमच्या बाजूने दिसतोय का बघता?"

नळ तसाच वाहता ठेवून मी अनवाणीच ड्राइव्हवेवर गेले.