विमानतळाच्या दारात सोडलेला डबा

त्या दिवसांत आमच्या गावदेवीच्या देवळालाही कुलूप होतं. उमेळ्याच्या आमच्या वाडीतली चाफ्याची फुलं नि ओटी मी बंद दाराच्या उंबऱ्यावर ठेवली आणि तिच्याशी चक्क भांडले. "तूच दार लावून बसलीस, तर मी जाऊ कुणाकडे?" आखातात माझी लेक दिवस भरत आलेली, पहिलंच बाळंतपण. जावयाला कोरोना झालेला, त्याला इस्पितळात वेगळं ठेवलेलं. घरात ती एकटी. फोनवर म्हणायची, "आई, तू फक्त ये गं, बाकी काही नको." आणि इथे विमानं बंद! देवी ऐकते यावरचा माझा विश्वास तेव्हा डळमळला होता, खोटं कशाला बोलू?

मग एक खास विमान सुटणार असं कळलं नि घरात लगीनघाई उडाली. ह्यांनी तपासणीचा अहवाल, विमा, व्हिसा यांच्या दोन-दोन प्रती काढल्या. रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट बांधल्या, जादा मास्क ठेवले. निघेपर्यंत मला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. भाजीवालीशीसुद्धा खिडकीतून बोलायचं. मी चिडचिड केली, पण ऐकलं. माझी तयारी स्वयंपाकघरात चालली होती. लेकीच्या बाळंतपणाला आईने रिकाम्या हाताने जाणं म्हणजे आमच्यात नाक कापून घेणंच. डिंक, खारीक, खोबरं, गूळ आणि बाळंतिणीला शांत झोप लागावी म्हणून भाजलेली खसखस, तीही सढळ हाताने. पहिला लाडू ह्यांच्या हाती देवीच्या उंबऱ्यावर पाठवला. बाकीचे तिचा प्रसाद म्हणून स्टीलच्या डब्यात भरले. सामानात फुटतील म्हणून तो डबा मी हातातच धरला होता.

विमानतळावर सोबतच्यांना आत सोडत नव्हते. हे कठड्यापलीकडे उभे, मी रांगेत. माझ्यापुढची बाई डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, तोंडाला मास्क, त्यावर प्लास्टिकची काच. माणूस म्हणून कळत होता तो फक्त आवाज. ह्यांना मारलेल्या माझ्या हाका ऐकून ती वळली. "वसईची काय गो बाय?" ती अर्नाळ्याची कोळीण निघाली, नवऱ्याकडे चाललेली. आपल्याकडचा शब्द कानावर पडला नि मला इतकं बरं वाटलं! लेकीचं सगळं सांगून टाकलं, डबाही दाखवला.

"लाडवांत खसखस घातलीस काय?"

"घातली म्हणजे? चांगली मूठभर!"

"अगो बाय माझे! तिकडं खसखस चालत नाय. अफूच्या झाडाची ती. माझ्या जावेला तेवढ्यासाठी अडवून ठेवलेली."

मला आधी रागच आला. ही कोण मला सांगणार? डबा पोटाशी धरून म्हटलं, "देवीचा प्रसाद आहे. टाकू कसा?"

"टाकू नको. नवऱ्याकडं दे. देवी लाडवांत हाय नि तुझ्या पोरीकडं नाय काय? तुला तिथं थांबवली तर तिच्याजवल कोन जाईल?"

डब्यावरचे हात निघता निघेनात. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण कठड्याशी जाऊन डबा ह्यांच्याकडे दिला. "अगं, मला गोडाचं पथ्य, मी काय करू एवढ्या लाडवांचं?" हे म्हणाले. रडता रडता हसू आलं मला. परत वळले तोवर रांग आत सरकली होती, आणि आत सगळेच पांढरे. ती कुठली, काही ओळखू येईना. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

तिकडे उतरल्यावर माझी पिशवी उघडली. शेपा, ओवा, डिंक, पुडी न् पुडी हुंगून पाहिली. अधिकारी काय विचारत होता कळत नव्हतं, मी आपली "बेबी, बेबी" एवढंच म्हणत राहिले. त्याने पिशवी बंद करून माझ्याकडे सरकवली. देवीला हाक मारायला गेले तर ओठांवर आलं, "अगो बाय माझे!"

नवा अहवाल येईपर्यंत आम्ही मायलेकी मास्क लावून दोन खोल्यांत राहिलो, मधलं दार उघडं टाकून बोलत. अहवाल चांगला आला, आणि त्याच संध्याकाळी तिला कळा सुरू झाल्या. इस्पितळात सोबत एकालाच सोडत होते. ती ओरडत होती तेव्हा तिचा हात धरायला मी होते. नात झाली. माझ्या रिकाम्या हातांत पहिल्यांदा तीच आली. लाडू कुठे आहेत, हे लेकीने आजवर विचारलेलं नाही.

ती बाई नेमकी माझ्यापुढे उभी होती, हा योगायोग की आणखी काही, याची चिकित्सा मी करत नाही. प्रवासाची तयारी अजूनही नीट करते, कागद दोनदा तपासते, आणि आता तिकडे काय चालतं नि काय नाही तेही आधी विचारते. करायचं ते आपण करावं, आणि सोडायची वेळ आली की हात सैल करावा. देऊळ उघडलं तेव्हा देवीपुढे हात जोडले, पण काही मागायचं सुचलंच नाही. नुसतं तिच्याकडे पाहत उभी राहिले.

त्या बाईचा चेहरा मी पाहिलेलाच नाही. म्हणून मासळीबाजारात "घे गो बाय" असा आवाज आला की मी थांबते, टोपलीपुढे वाकते नि जे असेल ते घेते. हे मागून कुरकुरतात, "अगं, आज सोमवार!" मी म्हणते, असू दे. कोण जाणे, तीच असली तर?