तेवढा आडोसा

“अहो, सगळी घरचीच माणसं! चिठ्ठ्या कशाला, हात वर करा,” मागून कुणीतरी म्हणालं. ग्रंथपाल संघाच्या अधिवेशनात मी निवडणूक अधिकारी होते, पण मराठी माझी मातृभाषा नव्हे, माइकवर ती बोलायची मला धास्ती. यंदा पहिल्यांदाच अध्यक्षांविरुद्ध कुणी उभं होतं. “बघू तरी, कोण कोण तिकडे,” म्हणत पहिल्या रांगेत बसलेले अध्यक्ष हसत मागे वळले. तिसऱ्या रांगेतल्या बाईंचा अर्धा वर आलेला हात केसांकडे गेला. त्यांनी उगाचच गजरा सारखा केला.

मत आपलं राहायला माणसाला किती थोडा आडोसा पुरतो! आणि तो देणं आज माझं काम होतं. माझी मान आपोआप ताठ झाली. मी माइक ओढला.

“मतदान चिठ्ठीनंच होईल. अध्यक्षसर, पहिली चिठ्ठी तुम्ही घ्या, आणि त्या कोपऱ्यातल्या पडद्यामागे जा.”